ॲरिझोनातला उन्हाळा आणि डोंगरावरून येणारा मान्सून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी टुसान, फिनिक्स भागात आलेली मराठी मंडळी आणि त्यांच्याकडे उन्हाळ्यात राहायला येणारे आई-बाबा दरवर्षी मे महिन्यापासून जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. जिथे जिवावर बेतू शकतं तिथे सविस्तर लिहिलं आहे. एक गोष्ट मात्र पुन्हापुन्हा येईल: या भागात डोक्यावरचं आभाळ पाहून ठरवू नका, डोंगरावरचं आभाळ पाहा.

वाळवंटात मान्सून? हे खरंच आहे का?

खरंच आहे. हवामानशास्त्रात त्याला उत्तर अमेरिकन मान्सून म्हणतात. त्याचा मुख्य भाग मेक्सिकोत, सिएरा माद्रे ऑक्सिदेंताल या डोंगररांगेवर बरसतो आणि उत्तरेकडचं टोक ॲरिझोना, न्यू मेक्सिकोपर्यंत पोहोचतं. फिनिक्समध्ये वर्षाला जेमतेम १८० मिलीमीटर पाऊस पडतो, टुसानमध्ये सुमारे २७०. टुसानच्या वर्षभराच्या पावसातला जवळपास निम्मा या मान्सूनमध्ये येतो.

तो सुरू कधी होतो?

सरकारी हिशेबात १५ जून ते ३० सप्टेंबर. राष्ट्रीय हवामान सेवेने २००८ मध्ये या तारखा ठरवून टाकल्या. त्याआधी दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होऊ लागतं; बाष्प जितकं जास्त तितका तो वर) मोजून ठरवत: सलग तीन दिवस सरासरी दवबिंदू टुसानमध्ये ५४ फॅरनहाइट (सुमारे १२ सेल्सिअस) किंवा त्याच्या वर राहिला, की मान्सून आला. त्या जुन्या पद्धतीने टुसानला तो साधारण जुलैच्या पहिल्या आठवड्यात येई, फिनिक्सला त्यानंतर चार-पाच दिवसांनी. निश्चित तारखा लोकांना सावध करायला सोयीच्या आहेत, पण हवा बदलली की नाही हे मला आजही दवबिंदूच सांगतो. जूनमध्ये तो शून्य सेल्सिअसच्या आसपास, कधी त्याच्याही खाली असतो. दहाच्या वर चढायला लागला की दुपारी डोंगराकडे लक्ष ठेवायचं.

जूनमध्ये आभाळ कोरं ठणठणीत असतं. मग जुलैत ढग येतात कुठून?

जूनच्या उन्हातूनच. मे-जूनमध्ये या भागावर उच्च दाबाचं क्षेत्र ठाण मांडून असतं. त्यात हवा वरून खाली दबते, ढग बनू शकत नाहीत आणि जमीन दिवसेंदिवस तापत जाते. २६ जून १९९० रोजी फिनिक्समध्ये १२२ फॅरनहाइट, म्हणजे ५० सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. त्याच दिवशी टुसानमध्ये ११७ (४७ सेल्सिअस). या तापण्यामुळे कोलोरॅडो नदीच्या खालच्या खोऱ्याच्या आसपास जमिनीलगत कमी दाबाचा पट्टा तयार होतो. त्याच सुमारास वरचं उच्च दाबाचं क्षेत्र उत्तरेकडे सरकतं. मग वाऱ्यांची दिशा बदलते आणि कॅलिफोर्नियाच्या आखातातून, पूर्व प्रशांत महासागरातून, उंचावर थोडीफार मेक्सिकोच्या आखातातूनही बाष्प येऊ लागतं.

बाष्प आलं तरी पाऊस लगेच पडत नाही. हवेला वर ढकलणारं काहीतरी लागतं, आणि ते काम डोंगर करतात. सकाळचं ऊन डोंगराच्या उतारांवर पडतं, तिथली हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा लवकर तापते आणि उतारावरून वर चढू लागते. दहा-अकरा वाजता शिखरांवर कापसासारखे पांढरे ढग दिसतात. दुपारी एक-दोनपर्यंत त्यांची बुडं काळी पडतात आणि गडगडाट ऐकू येतो. संध्याकाळी या वादळांतून सुटलेली गार हवा खाली खोऱ्यात धावते आणि वाटेतल्या गरम, दमट हवेला उचलून नवी वादळं उभी करते. म्हणून टुसान शहरात पाऊस बहुधा दुपारनंतर किंवा रात्री येतो, पण त्याची तयारी सांता कॅटालिना डोंगरावर सकाळीच सुरू झालेली असते.

हा पाऊस आपल्याकडच्या पावसासारखा असतो का?

आषाढ-श्रावणातल्या झडीसारखा नाही. वळीव आठवा: आधी उकाडा, मग सोसाट्याचा वारा, धूळ, विजा, अर्धा-पाऊण तास झोडपणं आणि पुन्हा ऊन. एका पेठेत रस्ते तुंबतात आणि तीन किलोमीटरवर थेंबही नसतो. पुष्कळदा तर पाऊस ढगातून निघालेला दिसतो, पण जमिनीवर पोहोचण्याआधीच हवेत विरून जातो.

कोरडी उष्णता सोसवते म्हणतात. ते बरोबर आहे का?

सावलीत, पाणी पीत, थोडा वेळ असाल तर बरोबर. पण हे वाक्य ऐकून लोक निर्धास्त होतात, त्याची मला काळजी वाटते. कोरड्या हवेत घाम आल्याआल्या उडून जातो. कपडे ओले होत नाहीत, कपाळ पुसावं लागत नाही, त्यामुळे शरीरातून किती पाणी गेलं हे कळतच नाही. डोकं दुखू लागतं, मळमळतं, तोवर उशीर झालेला असतो.

आकडे पाहा. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइट (४३ सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त होतं आणि कित्येक रात्री पारा ३२ सेल्सिअसच्या खाली उतरला नाही. रात्र गार झाली नाही तर शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. त्या एका वर्षात फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत आहे, तिथे उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यातले काही घराच्या आत झाले. त्यांपैकी अनेक घरांत एसी होता, पण चालू स्थितीत नव्हता. त्यामुळे एसीची तपासणी एप्रिलमध्येच करून घ्या. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एसी बंद पडला तर दुरुस्तीची वाट पाहत घरात बसू नका. मित्राकडे, वाचनालयात, मॉलमध्ये, कुठेही गार जागी जा.

डांबरी रस्ता दुपारी ६५ ते ८० सेल्सिअसपर्यंत तापतो. त्यावर चक्कर येऊन पडलेल्या माणसाला काही मिनिटांत भाजतं. अनवाणी मूल आणि कुत्र्याचे पंजे यांचंही तेच होतं.

पाणी किती प्यायचं?

उन्हात श्रम करत असाल तर दर १५-२० मिनिटांनी साधारण एक पेला, तहान लागायची वाट न पाहता. तासाला दीड लिटरच्या पुढे मात्र जाऊ नका. नुसतंच पाणी ढोसत राहिलं आणि मीठ पोटात गेलं नाही, तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. ग्रँड कॅन्यनमधले रेंजर म्हणूनच पाण्याबरोबर खारं खायला सांगतात. शेंगदाणे, चिवडा, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, सगळं चालतं.

कोणाला ऊन लागलं तर काय करायचं?

थकवा, मळमळ, पायात गोळे, भरपूर घाम इथपर्यंत असेल तर सावली, विश्रांती, पाणी आणि मीठ पुरतं. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, जीभ जड झाली, कुठे आहोत हे कळेना, तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. घाम येतोय की थांबलाय यावर जाऊ नका. ९११ ला फोन करा आणि मदत येईपर्यंत अंग गार करत राहा: बर्फाच्या पाण्यात बुडवता आलं तर सर्वांत चांगलं, नाहीतर अंगावर पाणी ओतून जोरात वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. ॲम्ब्युलन्स येईपर्यंतची ही मिनिटंच निर्णायक असतात.

जुन्या घरात कूलर आहे. जूनमध्ये छान गार करतो, जुलैत मात्र नुसता दमटपणा. बिघडलाय का?

नाही. हवेत बाष्प वाढलं की पाणी कमी उडतं आणि गारवाही कमी मिळतो. जूनमध्ये जो कूलर हवा पंधरा-वीस सेल्सिअसने उतरवतो, तो मान्सूनमध्ये दहा-बाराच उतरवतो आणि वर घर ओलसर करतो. घर घेताना किंवा भाड्याने घेताना नुसता कूलर आहे की एसीही आहे, हे आधी विचारा.

आई-बाबा जून-जुलैमध्ये येत आहेत. काय काळजी घ्यावी?

जमत असेल तर त्यांना ऑक्टोबर ते मार्चमध्ये बोलवा. सुट्ट्या किंवा बाळंतपणामुळे उन्हाळ्यातच यायचं असेल तर चार गोष्टी सांगून ठेवा.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची: एसी बंद करायचा नाही. मुलगा-सून कामावर गेली की वीजबिलाच्या विचाराने एसी बंद करून, खिडक्या उघडून बसणारे आई-बाबा पुष्कळ घरांत आहेत. आपल्याकडे खिडकी उघडली की वारा येतो, इथे दुपारी झळा येतात. त्यांना प्रेमाने आणि स्पष्टपणे सांगा की हा खर्च चैनीचा नाही. दुसरी गोष्ट म्हणजे औषधं. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांमुळे शरीराची उष्णता सोसायची ताकद कमी होते. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोलायला लावा. तिसरी, “दोन मिनिटांत येतो” म्हणून त्यांना किंवा नातवंडांना उभ्या गाडीत बसवून दुकानात जाऊ नका. चौथी म्हणजे फिरण्याची वेळ. प्रवासानंतर पहिले काही दिवस त्यांना पहाटे चारलाच जाग येते आणि तीच वेळ इथे फिरायला उत्तम. जूनमध्ये सव्वापाचच्या सुमारास उजाडतं. सातपर्यंत घरी परतावं.

गारव्यासाठी माउंट लेमनवर गेलं तर?

जरूर जा, पण सकाळी. टुसान सुमारे २,४०० फुटांवर आहे आणि माउंट लेमनचं शिखर ९,१५७ फुटांवर. १८८१ मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञ सारा लेमन हा डोंगर चढल्या, त्यांचंच नाव त्याला आहे. वर सुमारे १५ सेल्सिअसचा फरक पडतो. साधारण ४३ किलोमीटरच्या घाटरस्त्यात साग्वारो निवडुंगांपासून ओक आणि पुढे पाइन, फरच्या जंगलापर्यंत निसर्ग बदलत जातो. वाळवंटाच्या समुद्रात उभ्या असलेल्या या डोंगरांना ‘स्काय आयलंड’ म्हणतात आणि ते नाव अगदी योग्य आहे.

सकाळी हे सांगण्याचं कारण वीज. दुपारची वादळं आधी शिखरांवरच जन्माला येतात. ट्रेक असेल तर उजाडताना निघा आणि दुपारी बाराच्या आत कडा, सुळके, उघडी पठारं सोडून खाली उतरा. गडगडाट ऐकू आला याचाच अर्थ वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते, पाऊस अजून लांब दिसत असला तरी. एकट्या झाडाखाली थांबू नका. काचा बंद केलेली गाडी सुरक्षित असते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. खाली वाळवंटातल्या ट्रेकचं म्हणाल तर अतिउष्णतेचा इशारा असतो त्या दिवशी फिनिक्स शहर कॅमलबॅकसारख्या डोंगरांच्या वाटा भर उन्हाच्या वेळात बंदच ठेवतं. ग्रँड कॅन्यनमध्ये दरीत उतरणाऱ्यांना सकाळी दहा ते दुपारी चार चालू नका असं सांगतात. आपल्याकडे डोंगर आधी चढायचा असतो, दमलं की माघारी फिरता येतं. तिथे उतार आधी येतो आणि चढ शेवटी, सर्वांत तापलेल्या वेळी. सह्याद्रीतल्या सरावाच्या ट्रेकरचाही अंदाज इथे चुकतो.

आभाळ निरभ्र आहे, ओढा कोरडा आहे. तिथे बसायला काय हरकत?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

इथल्या कोरड्या ओढ्यांना ‘वॉश’ म्हणतात. वर्षातले बहुतेक दिवस तिथे नुसती वाळू असते. टुसानमधल्या सांता क्रूझ आणि रियितो या नद्यांचीही बरीच लांबी कोरडीच असते. डोंगरावर तासाभरात जोरदार पाऊस झाला की ते पाणी मुरत नाही. उतार खडकाळ, माती तापून घट्ट झालेली आणि बऱ्याच ठिकाणी जमिनीखाली कॅलिशे नावाचा चुनखडीचा कठीण थर. सगळं पाणी एका अरुंद वाटेने खाली धावतं. त्याचं पुढचं टोक म्हणजे काटक्या, ओंडके, दगड-गोटे ढकलत येणारा लोंढा. तो पोहोचतो तेव्हा तुमच्या डोक्यावर ऊनही असू शकतं.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये असंच झालं. पाऊस पडला तो वरच्या बाजूला कित्येक किलोमीटरवर. पाणी त्या अरुंद घळीत शिरलं आणि अकरा पर्यटक मृत्युमुखी पडले. फोटोंमुळे ही जागा आपल्या लोकांतही आवडती आहे. आज तिथे नावाहो या स्थानिक आदिवासी समाजाच्या गाइडशिवाय जाता येत नाही आणि पावसाची शक्यता दिसली तर फेऱ्या रद्द होतात. रद्द झाली तर वाद घालू नका. १५ जुलै २०१७ रोजी पेसनजवळ पाण्यात खेळायला गेलेल्या एकाच कुटुंबातली दहा माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. तिथे वरच्या बाजूचं जंगल महिनाभर आधीच वणव्यात जळालं होतं. जळालेल्या जमिनीवर मेणासारखा थर बसतो आणि पाणी आत शिरत नाही. जो पाऊस एरवी जंगल पिऊन टाकतं, तो राख आणि चिखल घेऊन खाली येतो. पुराचा इशारा निघाला होता, पण त्या दरीत मोबाइलला रेंज नव्हती.

म्हणून जुलै ते सप्टेंबर दरीत, घळीत, डोहाकाठी जायचं असेल तर ते पाणी कुठल्या डोंगरावरून येतं हे नकाशावर बघा आणि त्या डोंगराचा अंदाज वाचा. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पानं वाहू लागली, वरून घरघर ऐकू आली, तर सामान तिथेच टाका आणि बाजूच्या उंचावर चढा. पाण्याच्या दिशेने खाली पळू नका. वॉशमध्ये तंबूही ठोकू नका.

रस्त्यावरून पाणी वाहतंय, पण फार खोल दिसत नाही. गाडी घालावी का?

नाही. घोट्याच्या वर आलेलं वेगवान पाणी माणसाला पाडतं, फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगू लागते, दोन फुटांत मोठ्या गाड्याही वाहून जातात. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की खचलाय, हे दिसत नाही. अडथळे लावून बंद केलेल्या रस्त्यावर गाडी घातली आणि सुटका करावी लागली, तर तो खर्च चालकाकडून वसूल करण्याचा कायदा ॲरिझोनात १९९५ पासून आहे. थांबा. बहुतेक वॉश काही तासांत ओसरतात.

महामार्गावर धुळीची भिंत समोर आली तर?

वादळातून खाली कोसळणारी गार हवा जमिनीवर आपटून पसरते आणि उघड्या शेतांवरची, वाळवंटातली धूळ उचलते. याला हबूब म्हणतात. ५ जुलै २०११ रोजी फिनिक्सवर आलेली भिंत सुमारे दीड किलोमीटर उंच होती. टुसान-फिनिक्स दरम्यानचा इंटरस्टेट १०, विशेषतः पिकाचो पीक आणि इलॉयच्या आसपासचा भाग, यासाठी कुप्रसिद्ध आहे.

शक्य असेल तर धुळीत शिरण्याआधीच महामार्गावरून बाहेर पडा. सापडलात तर रस्त्यापासून जितकं दूर जाता येईल तितकं बाजूला थांबा. सगळे दिवे बंद करा, ब्रेकवरून पाय काढा आणि हँडब्रेक लावा. पट्टा बांधून बसून राहा. दिवे बंद करायला मन धजत नाही, पण मागून येणारा चालक तुमचे लाल दिवे पाहून रस्ता तिथेच आहे असं समजतो आणि थेट तुमच्यावर येतो.

धुळीनंतर आठवडाभर खोकला आणि ताप आहे. साधा फ्लू का?

असेलही. पण इथल्या मातीत कॉक्सिडिऑइड्स नावाची बुरशी असते. तिचे कण श्वासातून गेले तर एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला, प्रचंड थकवा, कधी अंगावर पुरळ येतं. याला व्हॅली फीवर म्हणतात. तो एकाकडून दुसऱ्याला होत नाही आणि बऱ्याच जणांचा आपोआप बरा होतो, पण मधुमेह, गर्भारपण किंवा कमी प्रतिकारशक्ती असेल तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना व्हॅली फीवरची चाचणी करायची का, असं स्वतःहून विचारा. भारतात परतल्यावर लक्षणं दिसली, तर तिथल्या डॉक्टरांना ॲरिझोनात होतो हे आवर्जून सांगा. त्यांच्या डोळ्यांसमोर हा आजार सहसा नसतो.

पाऊस आला की साप-विंचू वाढतात का?

जास्त दिसतात. रॅटलस्नेक उन्हाळ्यात संध्याकाळी आणि रात्री फिरतात; बाहेर पडताना टॉर्च घ्या आणि दिसत नाही अशा जागी हात-पाय घालू नका. कुत्रा पाळला असेल तर खरी काळजी सोनोरन टोड या मोठ्या हिरवट बेडकाची. पहिल्या पावसानंतर तो अंगणात येतो. कुत्र्याने तोंडात धरला तर विष भिनतं. तोंड बाजूने, घशात पाणी जाणार नाही असं धुवा आणि लगेच प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या.

या सगळ्या भीतीत आनंदाचं काही आहे की नाही?

खूप आहे. पहिली सर येण्याआधी वाऱ्याबरोबर एक तीव्र, राळेसारखा वास येतो. तो क्रिओसोट नावाच्या झुडपाच्या पानांचा. टुसानमध्ये राहिलेला माणूस तो कधी विसरत नाही. वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली गाडून घेतलेले स्पेडफूट बेडूक गडगडाटाने जागे होतात, एका रात्रीत डबक्यांत अंडी घालतात आणि डबकं आटायच्या आत, दोन आठवड्यांच्या आसपास, पिल्लं पाण्याबाहेर पडतात. काटक्यांसारख्या दिसणाऱ्या ओकोटियोला काही दिवसांत पालवी फुटते.

या भूमीचे मूळ रहिवासी तोहोनो ओओधाम लोक जूनअखेर साग्वारोची लाल फळं लांब काठीने पाडतात. त्यांचं नवं वर्ष या पावसाबरोबर सुरू होतं आणि फळांच्या रसाचं मद्य करून पाऊस बोलावण्याचा विधी होतो. वॉशच्या तोंडाशी पसरणाऱ्या पुराच्या पाण्यावर ते टेपरी घेवड्यासारखी लवकर येणारी पिकं घेत आले आहेत. आपण ज्या लोंढ्यापासून लांब पळतो, त्याची वाट आणि वेळ ओळखून त्यांनी शेती केली.

दरवर्षी पाऊस येतोच का?

येतो, पण भरवसा नाही. २०२० मध्ये टुसानला सगळ्या मोसमात ४१ मिलीमीटर पाऊस झाला. पुढच्याच वर्षी एकट्या जुलैत २०५ मिलीमीटर कोसळला, तो टुसानच्या नोंदींतला सर्वांत ओला महिना ठरला. मान्सून लांबला की उन्हाळा लांबतो आणि वणव्यांचे दिवसही. सुरुवातीच्या वादळांत वीज असते पण पाणी नसतं, त्यामुळे तीच आग लावू शकतात. जून २०२० मध्ये सांता कॅटालिनात पेटलेली बिगहॉर्न आग विजेनेच लागली होती.

फोनवर ‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’ येतात. फरक काय?

वॉच म्हणजे परिस्थिती तयार आहे, बेत बदलायचा विचार करा. वॉर्निंग म्हणजे ते घडतंय किंवा घडण्याच्या बेतात आहे, आत्ता हला. फोनमधले आणीबाणीचे इशारे बंद करू नका आणि आई-बाबांना आल्या दिवशी दाखवून ठेवा की असा कर्कश आवाज झाला तर काय करायचं. टुसान, फिनिक्स आणि फ्लॅगस्टाफ इथे हवामान सेवेची वेगवेगळी कार्यालयं आहेत. ज्या डोंगरात जाणार, त्या भागाच्या कार्यालयाचा अंदाज वाचा.

मग हे संपतं कधी?

सप्टेंबरमध्ये दवबिंदू हळूहळू घसरतो आणि दुपारचे ढग विरळ होतात. पण प्रशांत महासागरातल्या चक्रीवादळांचे अवशेष याच काळात इकडे वळू शकतात आणि त्यांचा पाऊस तासभराचा नसतो. ८ सप्टेंबर २०१४ रोजी नॉर्बर्ट वादळाच्या बाष्पामुळे फिनिक्समध्ये एका दिवसात ८० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडला आणि इंटरस्टेट १० वर गाड्या पाण्यात अडकल्या. त्यामुळे गणपती उठले तरी वॉशपासून लांबच राहा, ऑक्टोबर लागेपर्यंत.